माझा किराणा, नलूचं कार्ड

रवि., ५ जाने.

नवी वही. पहिलं पान कोरं असलं की हात अडखळतो, म्हणून गावाकडच्या पत्रासारखं आधी सगळ्यांना विचारून घेते. आक्का, गुडघा कसा आहे? (दुपारी फोनवर म्हणाली, "गुडघ्यालाच विचार की, मला काय विचारतेस!") मनी, पाठ? आक्काची लेक ती, आईसारखीच हट्टी, बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची सोडत नाही. वॉचमनदादा, दाढ? काढली, गाल उतरला. नलू, शुगर? वाढलीय, तरी सकाळी चहात साखर घातलीच, मी बघितलं. कढीपत्ता, तुझं कसं? मावा गेला, नवी पानं आलीत. आणि मी? मी बरी. हे गेल्यापासून घर मोठं झालंय, बाकी तक्रार नाही.

आज नलूने महिन्याचा किराणा मागवला. तिच्या दारातून ओरडली, "सुमन, तूरडाळ दोन किलो की तीन?" मी माझ्या ओट्यापाशीच उभी राहून म्हटलं दोन. समोरासमोर दारं असण्याचं हे सुख. माझा किराणा, लाइट बिल, गॅस, गोळ्या, सगळं नलू तिच्या कार्डावरून भरते, मी रोख तिच्या हातावर ठेवते. ती कॉलेजात क्लार्क होती, मी सातवी पास. बँकेचं तिला कळतं. बदल्यात संध्याकाळच्या दोन भाकऱ्या माझ्याकडून. तिला थापता येत नाही, नकाशे होतात.

बुध., ८ जाने.

मनी ऑफिसातून परस्पर इकडे. मेथीचे पराठे केले. ती जेवत असताना नलू बिल घेऊन आली, मी नोटा मोजून दिल्या, ती गेली. मनी घास हातात धरून बघत राहिली.

"मावशी, हे असं किती वर्षं चाललंय?"

"तिने कार्ड घेतल्यापासून. झाली की सात-आठ."

"मग कॅशबॅक कोण घेतं?"

ते काय असतं म्हटलं. तर म्हणे कार्डावर खर्च केला की बँक थोडे पैसे परत देते. ज्याचं कार्ड त्याला. मी म्हटलं, घेत असेल तर घेऊ दे बाई, बिचारी किती करते माझ्यासाठी. मनी हसली. ते हसणं काही बरं वाटलं नाही मला.

गुरु., ९ जाने.

भाकरी द्यायला गेले तेव्हा सहज विषय काढला. मलाही एक कार्ड घ्यावं म्हणते.

नलू : "अगं, काही नसतं त्यात. उलटे चार्ज लावतात. आणि पेन्शनवाल्या बाईला कोण देतंय कार्ड? कशाला डोक्याला ताप. मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द ह्यांच्या आजारपणात तिने म्हटले होते तेव्हा मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. आज ऐकून नुसतीच परत आले. का कोण जाणे.

शनि., ११ जाने.

नावड्याला आक्काकडे. मनीने लॅपटॉपवर कार्डं दाखवली. मला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून रंगावरून लिहिते.

निळं क्रेडिट कार्ड : शंभराला पाच परत. ऐकायला गोड. पण फक्त त्यांच्याच ॲपवर खरेदी केली तर. दूध, भाजी, गिरणी, यांना काही नाही. म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं.

जांभळं : लाइट बिल, गॅस, मोबाइल यांवर भरपूर. पण महिन्याला ठरावीक रकमेच्या वर एक पैसा नाही. पातेलं मोठं, वाढायला पळी छोटी.

काळं : सगळ्यावर थोडं थोडं, सारखंच. भाजीवाल्याकडचा कागदी चौकोन स्कॅन केला तरी मिळतं. वर्षाची फी आहे, पण वर्षाचा खर्च एका आकड्याच्या वर गेला की फी माफ आणि वर पॉइंट. पॉइंटवर वस्तू, विमानाचं तिकीट.

माझ्यासारखीला काळं बरं. मनीने बजावलं, "दर महिन्याला पूर्ण पैसे भरायचे हं मावशी. अर्धवट ठेवले तर व्याज असं लावतात की कॅशबॅक विसरशील." मी म्हटलं, उधारी ठेवायची सवय आपल्यात नाही.

मग बघते तर नलूचं कार्ड काळंच. तेच. मनी म्हणाली, "एकट्या बाईचा एवढा खर्च होतच नसणार. तुझा धरून होत असेल."

आक्का गुडघा चोळत म्हणाली, "आपल्या शेतात दुसऱ्याची गाय चरली, एवढंच. कणीस तर नाही ना नेलं."

खरंच. एवढंच. नलूने मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, घे.

सोम., १३ जाने.

कळंबोलीच्या बँकेत. चष्मेवाली मुलगी भली, "काकू, तुमची फॅमिली पेन्शन आहे ना, मिळेल की." कोण म्हणालं मिळत नाही? सह्या केल्या, फोटो दिला. घरी माणूस येईल पत्ता बघायला, म्हणाली.

येताना आनंदात नलूला सगळं सांगून टाकलं. पोटात राहत नाही माझ्या. "आणि मी नसले तर त्या माणसाला तूच सांग गं," असंही म्हटलं.

"अरे वा," म्हणाली. "मोठी झालीस." भाकरी घेतली, दार लावलं.

बुध., १५ जाने.

काल संक्रांत. नलूने यंदा तिळाच्या वड्या स्वतः केल्या, पहिल्यांदाच. कडक झाल्या, पण केल्या. पहिली माझ्या हातावर. "गोड बोल." दोघी हसलो. मनातलं किल्मिष गेलं. आपणच कोत्या मनाच्या, असं वाटलं.

शनि., १८ जाने.

दिवसभर नावड्याला. आक्काला डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी परत. नलूला विचारलं, कोणी आलं होतं? "नाही गं. कुरियरवाला तेवढा, खालच्या मजल्यावरचं चुकून घेऊन."

शुक्र., २४ जाने.

बँकेचा मेसेज. इंग्रजीत. अक्षर अक्षर लावून वाचला. दिलगीर आहोत, तुमचा अर्ज मंजूर होऊ शकत नाही.

नलूला दाखवला. तिने पाठीवर हात फिरवला. "म्हटलं होतं ना मी? जाऊ दे. आपलं काय अडलंय."

सोम., २७ जाने.

बँकेत गेले. रांग होती. चष्मेवाली मुलगी स्क्रीनवर बघून हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी सांगायला नको खरं. १८ तारखेला आमचा माणूस आला होता. तुमचं दार बंद होतं. समोर विचारलं. ३०४. तिथल्या बाईंनी सांगितलं, त्या इथे राहत नाहीत. दार बंदच असतं, बहिणीकडे असतात कायम."

मी म्हटलं, दुसरं कोणी असेल.

ती म्हणाली, ३०४च लिहिलंय काकू.

रिक्षा केली नाही. चालत आले. लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रेलरची रांग लागली होती, रस्ता ओलांडता येईना, तिथेच उभी राहिले. एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जावा, थांबलोय मी." अनोळखी माणूस माझ्यासाठी गाडी थांबवतो आणि

घरी येऊन पीठ मळलं. दोन जास्तीच्या थापल्या, हाताला कुठे ठाऊक काय झालंय ते. दिल्या नेऊन. ती टीव्ही बघत होती, म्हणाली, ठेव तिथे.

मंगळ., २८ जाने.

बावीस वर्षं मी इथे राहत नाही. ह्यांना खांदा द्यायला माणसं ह्याच दारातून गेली. तिच्या मुलाच्या लग्नाचे लाडू ह्याच ओट्यावर वळले, दोन रात्री. राहत नाही.

मनीला फोन केला. पोरगी चिडली, मलाच ओरडली. मग म्हणाली, "त्या कार्डाच्या पॉइंटवर काय काय मिळतं ते पाठवते, बघ." पाठवलं. खाली खाली सरकवत गेले. मिक्सर, इस्त्री, बॅगा. आणि कुकर. पाच लिटर, लाल मूठ, झाकणावर फूल.

गेल्या दिवाळीत नलूने मला दिलेला. अख्ख्या बिल्डिंगला दाखवला होता मी, माझ्या नलूने दिला म्हणून. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकलं होतं. इथे माझ्याच कोहळ्यातला आवळा कापून मला दिला, आणि मी डोळे पुसले.

आजही वरण त्यातच लावलं. दुसरा कुकर गळतो.

गुरु., ३० जाने.

गेले. बसले नाही. उभ्याउभ्याच विचारलं.

"१८ला बँकेचा माणूस आला होता?"

"कोण? हां, एक बॅगवाला आला होता. बँकेचा असं कुठे म्हणाला तो?"

"तू सांगितलंस, मी राहत नाही?"

"अगं, आपलंच ठरलंय ना! बी विंगमध्ये चोरी झाली तेव्हा. एकटीदुकटीची माहिती बाहेरच्याला द्यायची नाही."

"ठरलं होतं ते 'घरात पुरुषमाणूस आहे' असं सांगायचं. 'राहतच नाही' असं नव्हतं ठरलं, नलू."

मग चिडली. "एका कार्डापायी मला चोर ठरवतेस? कोणी सांगितलं, त्या भाचीने? आठ वर्षं तुझी बिलं भरली, एकदा तरी चुकले का? एकदा तरी दंड बसला का तुला?"

नाही बसला. तेही खरं.

"कुरियरवाला म्हणालीस मला," एवढंच म्हटलं मी.

सिंककडे तोंड करून तोच कप दोनदा विसळला. मी दाराकडे वळले तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "तुझं कार्ड आलं की तू कशाला येणार होतीस माझ्या दाराला."

दार ओढून घेतलं.

शुक्र., ३१ जाने.

आज तिच्याकडून काही मागवलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ, साखर, चहा. पिशव्या घेऊन तिसरा मजला. लिफ्ट बंद, आजच. ३०२मधली पोरं भाड्याची, अकरा महिन्यांनी बदलतात, पण एकाने न सांगता पिशवी घेतली वरपर्यंत. नलूचं दार लोटलेलं होतं. आत पंखा चालू.

सोम., ३ फेब्रु.

नलू बंगलोरला गेली मुलाकडे. महिनाभर. मला वॉचमनदादाकडून कळलं. एरवी किल्ली माझ्याकडे असते, ह्या वेळी नाही. पहाटेचं विमान होतं म्हणे. तिकीट कशावर काढलं असेल हे मनात आलंच. वाईट मन. पण आलं.

दुपारी तिचा मेसेज : "पोचले. थंडी आहे इथे." नुसता एवढा. मी अंगठा टाकला.

गुरु., ६ फेब्रु.

आक्का म्हणते, सोड. "शेजारीण आहे, सवत नाही." मनी म्हणते, बोलूच नकोस. दोघी आपापल्या परीने माझ्याच बाजूच्या. पण संध्याकाळी भाकऱ्या करायला बसते तेव्हा दोघींपैकी कोणी नसतं इथे.

मला राग कॅशबॅकचा नाही, हे लिहून ठेवते. हिशेब काढून बघितला, फार मोठी रक्कम नाही. राग ह्याचा की माझ्या दारासमोर उभ्या माणसाला माझ्याच माणसाने मी नाही म्हणून सांगितलं. आणि पाठीवर हात फिरवला.

आणि तरी ते शेवटचं वाक्य. तेही खोटं वाटत नाही, हीच पंचाईत. खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

रवि., ९ फेब्रु.

बँकेतली मुलगी म्हणाली, काकू पुन्हा अर्ज करा, मी लक्ष घालते. नवा फॉर्म आणलाय. सगळा भरला, एकटीने, मनीला न विचारता. शेवटी एक चौकट आहे. तुम्हाला ओळखणाऱ्या शेजाऱ्याचं नाव आणि फोन. ३०१ला कुलूप. ३०२मधल्या पोरांना माझं आडनाव माहीत नाही.

फोनवर नलू विषय बदलेल, मला माहीत आहे. कागदावर बदलता येत नाही. म्हणून पत्र. उतरवून ठेवते, उद्या पोस्टात टाकीन म्हणते. बघू.

"नलू,

भांडायला लिहीत नाही. एकच विचारायचं आहे. त्या माणसाला तू तसं सांगितलंस, तेव्हा तुला चोरांची भीती होती, की तुझं कार्ड मनात होतं, की मी? तू तीन कारणं दिलीस. दोन तोंडाने, एक न बोलता. मला कुठलंही चालेल, पण खरं हवं. पॉइंट हवे होते असं लिहिलंस तरी मी वाचीन.

बँकेच्या फॉर्मात एक चौकट रिकामी आहे. मला ओळखणारी शेजारीण, तिचं नाव विचारलंय. बावीस वर्षांत तुझ्याशिवाय दुसरं नाव मला सुचत नाही, आणि तुझं लिहायला हात होत नाही. महिनाअखेरपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. तोवर चौकट तशीच ठेवते.

तुझं नाव घालू की नको, ते तूच कळव. लवकर लिही.

सुमन, ३०३"