न पाहता सांगितलेला सिग्नल

बाबा, माझी नात, म्हणजे तुमची पणती, अमेरिकेत शर्यतीची मोटार चालवते. तिकडेच जन्मली. आठव्या वर्षी खेळण्याएवढ्या गाडीत बसली, मग लहान गावांतल्या मातीच्या ट्रॅकवर जिंकत गेली आणि विशीत मोठ्या शर्यतींत उतरली. मागच्या वर्षी तिची गाडी भिंतीवर आदळली. तिच्या मांडीत अजून सळई आहे. रविवारी ती पहिल्यांदा परत शर्यतीत उतरणार होती.

तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कॅम्प-१ च्या वस्तीतून शाळेत न्यायचात. रुळांजवळ आलो की सिग्नल मी म्हणायचा आणि तुम्ही तोच परत म्हणायचा, रेल्वे चालवताना इंजिनात तुम्ही आणि तुमचा सहायक म्हणायचात तसा. एकदा मी मान वर न करताच "हिरवा" म्हटलं. तुम्ही सायकल थांबवून मला खाली उतरवलंत. "न पाहता कावून बोलली? समोरचा तुह्या भरवशावर गाडी हाकते." शाळेपर्यंत मी दप्तर घेऊन चालले, तुम्ही सायकल हातात धरून शेजारी. हाच खेळ मी नातीला फोनवर शिकवला. प्रत्येक शर्यतीआधी ती विचारते, "आजी, सिग्नल?" मी हिरवा म्हणते, ती तिच्या उच्चारात हिरवा म्हणते आणि हेल्मेट चढवते.

रविवारी सकाळी हुडको वसाहतीतल्या घरी, स्वयंपाकघरात मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. आधी मुलीचा फोन. "आई, ती तुले विचारेल. लाल म्हण."

"मी म्हटल्यानं थांबणार आहे का ती?"

"माह्यं ऐकत नाही, तुह्यं ऐकते. डॉक्टरले तर हसून राहिली."

मुलीने फोन ठेवला आणि पाच मिनिटांत नातीचा आला. मागे इंजिनांचा आवाज. "आजी, सिग्नल?" इतकी वर्षं शिक्षिका म्हणून शाळेत मुलींना नाही म्हणत आले, तो शब्द मला कधी जड गेला नाही. पण इथून मला ना ती भिंत दिसत होती, ना तिचा पाय. मी हिरवा म्हटलं. तिनेही म्हटलं, जरा उशिराने.

ती धडधाकट परतली. पुढच्या शर्यतीआधी परत विचारेल. मुलीला मी सांगितलं की नातीचा फोन आलाच नाही. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, वाचायला तुम्हीही आता नाहीत, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. मी कांद्याकडे बघत होते, बाबा. मान वर केली नव्हती.