प्रति चेहरा अकराशे, घरच्यांना फुकट

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून प्रोफेशनल. इन्स्टावर पेज उघडलं. पेन्सिल पोर्ट्रेट, ऑर्डर घेणे सुरू. आता फक्त रेट ठरवायचा. दहा मिनिटांचं काम.

३ फेब्रुवारी, दुपारी ४
रेट ठरला नाही. कागद, पेन्सिल आणि लागणारा वेळ धरून रेट काढा, असं एक बाई व्हिडिओत सांगते. मूर्खपणा. नंदुरबारचा हेमकांत चेहऱ्याला पाचशे घेतो. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसून माझंच बघून काढायचा. (मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांशी मतभेद. एक परीक्षानळीही फुटली.) तो पाचशे, म्हणून मी सहाशे. झालं.

४ फेब्रुवारी
हेमकांतच्या नव्या चित्रावर मयूरीचं हार्ट. पोस्ट टाकल्यापासून चौथ्या मिनिटाला! माझ्या चित्राला तिला दोन दिवस लागले होते.
मयूरी म्हणजे मागच्या गल्लीतल्या शांतीलाल काकांची. आठवीपासून आमचं ठरलेलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, पण या गोष्टी सांगायच्या नसतात.
रेट सातशे केला.

९ फेब्रुवारी
रेट कार्ड टाकलं. प्रति चेहरा ७००. दाढी ५० जादा, चष्मा ५० जादा, मिशी वाटाघाटीने. तळाला बारीक अक्षरात: घरच्या माणसांना आजीवन मोफत. ही ओळ एकाच व्यक्तीसाठी आहे. तिला कळेल.

११ फेब्रुवारी
तिला कळलं नाही. बाकी सगळ्या कळसाडी गावाला कळलं.
शेजारचे भिकन आप्पा सकाळीच दारात. म्हणाले, आम्ही काय बाहेरना शेतस का? मन्हा बैलना फोटू काढी दे. मी म्हटलं, आप्पा, रेट माणसाच्या चेहऱ्याचा आहे. तर म्हणाले, मंग बैलना तर आखो कमी व्हयी. फुकटपेक्षा आणखी कमी म्हणजे मी वरून पैसे द्यायचे की काय?
एकूण सात फुकट ऑर्डरी. त्यातले एक आजोबा वारलेले, फोटो नाही. त्यांचा नातू म्हणतो, मन्हासारखाच दिसे, मन्हाकडे देख आन काढ.

२० फेब्रुवारी
हेमकांतने रेट हजार केला. ब्लॉक केला त्याला. संध्याकाळी अनब्लॉक केला, रेट बघायला लागतो. माझा आता अकराशे. ऑर्डर शून्य. पण अकराशेवर शून्य असणं हे पाचशेवर सहा असण्यापेक्षा वरच्या दर्जाचं आहे.
आबा, म्हणजे वडील, बाजारात मिरची विकून नंदुरबारहून आले. कार्ड पाहिलं. म्हणाले, मिरचीना भाव बी आपला हातमां नही, बाजार ठरावस. तू कोन लागी गया? मी म्हटलं, कला म्हणजे मिरची नाही. म्हणाले, खरं शे, मिरची लेनारा तरी येस.
पेन्सिल मोडली. माझ्याच हातून, मुद्दाम. चांगली होती.

८ मार्च
मयूरीचा मेसेज!!! "भाग्येश, एक चित्र काढून देशील का? दोन चेहरे."
दोन चेहरे. एक तिचा. दुसरा कोणाचा ते तिने लिहिलं नाही. लाजली असणार. आरशासमोर उभं राहून स्वतःचा डावा अँगल पाहिला. बरा आहे.

८ मार्च, रात्री ९
दुसरा चेहरा हेमकांतचा आहे. दुसरं कोण असणार? चौथ्या मिनिटाला हार्ट.
उद्या पहिल्या बसने नंदुरबार. त्याला सोडत नाही.

९ मार्च
हेमकांतने चहा दिला. मी उभ्यानेच विचारलं, तुझं आणि मयूरीचं काय चाललंय? तो म्हणाला, तिचा तर साखरपुडा झाला ना, चिंचपाड्याच्या मुलाशी, लॅब टेक्निशियन आहे. तुझ्या मागच्याच गल्लीत झाला की रे, तू कुठे होतास?
मी भिकन आप्पांच्या गोठ्यात बैलाचं डावं शिंग काढत होतो. गाणी ऐकू आली होती. बैल बिथरला म्हणून मीच ओरडलो होतो, आवाज कमी करा.
हार्टचं विचारलं. म्हणाला, ती दूध डेअरीच्या पोस्टलाही हार्ट देते. शिवाय ती आधी त्याच्याकडेच गेली होती. त्याने हजार सांगितल्यावर म्हणाली, जाऊ दे, भाग्येश फुकट काढतो.
चहा चांगला होता. अर्धा ठेवून आलो. बाणेदारपणे.

१० मार्च
तिला रेट कळवला. तुझा चेहरा मोफत. दुसरा चेहरा अकरा हजार.
या भावात लग्न मोडेल. एवढा महाग नवरा कोण करेल?
तिचा रिप्लाय: "बरं, पप्पांना सांगते 😊"

१२ मार्च
शांतीलाल काका घरी आले. फोनमध्ये माझं कार्ड उघडून दोन बोटांनी तळाची ओळ मोठी केली आणि आईसमोर मोठ्याने वाचली. म्हणाले, घरना माणसेसले फुकट ना? मंग जावई काय बाहेरना शे का?
आई म्हणाली, असं कसं, जावई पहिले घरना. वर मलाच दूध आणायला पाठवलं, त्यांच्या चहासाठी.

३० मार्च
चार दिवसांपूर्वी नवरदेवाचा फोटो आला. दाढी, चष्मा, मिशी. सगळंच्या सगळं जादा दराचं, आणि फुकट.
पण माझा प्लॅन तयार आहे. याला आहे तसा काढायचा. चार दिवस द्वेषाने एकेक दोष शोधला. नाक किंचित उजवीकडे, एक कान बाहेर, डावा डोळा बारीक. काहीही सोडलं नाही. लग्नात सगळे बघतील, मयूरीही बघेल, आणि तिला पटेल.
मयूरीला फोटो न बघता काढलं. मला लागत नाही.

२३ एप्रिल
मांडवाच्या दारात माझ्या चित्राचा बोर्ड लागला. गर्दी जमली. मयूरीच्या आत्या, रंजनाबाई, चष्मा पुसून बघत राहिल्या. म्हणाल्या, जावई हुबेहूब शे रे भो, आत्ते बोली उठी. पन हाई पोर कोन शे?
कोणालाच सांगता येईना. मयूरीला बोलावलं. हळद लागलेल्या हाताने तिने पदर सावरला, नीट पाहिलं आणि मला विचारलं, "कोण आहे रे ही? छान आहे."
काकांनी फोन केला, तासाभरात हेमकांत आला. त्याने तिला समोर बसवून नवीन चेहरा काढला आणि माझ्या मयूरीवर चिकटवला. एक चेहरा, हजार रुपये, अर्धे आधी. काकांनी लगेच काढून दिले. मी बघतोय हे पाहून म्हणाले, तो बाहेरना शे, त्याले तर देनाच पडी.
बोर्डाच्या खाली नावही त्याचंच.

२६ एप्रिल
ठरलं. फुकटची ओळ कार्डावरून कायमची काढली. आता देवालाही सूट नाही.

२६ एप्रिल, संध्याकाळ
अनोळखी नंबरवरून मेसेज. मयूरीचा नवरा. लिहितो, माझं नाक इतकं बरोबर आजवर कोणी पकडलं नाही, फोटोग्राफरनेसुद्धा नाही. मयूरी म्हणते तुम्ही पैसे घेतले नाहीत. असं नको. माझ्या चेहऱ्याचे किती झाले?
अकरा हजार टाइप केले. खोडले. अकराशे. खोडले. पाचशे लिहून पाच मिनिटं बघत बसलो. मयूरी शेजारी बसून वाचत असणार. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, राहू द्या, तुम्ही घरचेच.
त्याने लगेच अंगठा पाठवला. एकदाही आग्रह केला नाही.