नऊवारीत बांधलेलं खापर

प्रिय अक्का,

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुमच्यावाचूनची पहिली. आज दुपारी जळगावात, पिंप्राळ्याच्या ह्या नव्या घरात सगळे रस-मांड्यांनी सुस्तावून कूलरपुढे आडवे झालेत. तुमच्या लाडक्या लेक रेखाताई तर चक्क घोरतायत. म्हणून वही घेऊन बसले. तुम्हाला एक कबुली द्यायची आहे, आणि तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे. कबुली आधी दिली तर तुम्ही पुढचं ऐकूनच घेणार नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

तुमच्या चिरंजीवांची बदली जळगावला झाली. धुळ्याचं घर बावीस वर्षांनी सोडायचं, म्हणजे सामान किती निघालं असेल तुम्हीच विचार करा! ह्यांनी सामान बांधणाऱ्या एका माणसाला बोलावलं. तो फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचे मोठे गठ्ठे घेऊन आला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. आमच्याकडे भांडी कपड्यांत बांधतात, असं सांगितलं.

ही खोड तुमचीच ना? रद्दीची शाई भांड्यांना लागते म्हणून तुम्ही कागदाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि कपडे तर न्यायचेच आहेत, मग ते रिकामे कशाला न्यायचे, असं म्हणायच्या.

मग काय, चार दिवस घरात नुसता कपड्यांचा बाजार! काचेचे ग्लास मोज्यांत गेले, एका मोज्यात एक. तुमच्या नातीचा, सईचा, कॉलेजचा स्वेटर मिक्सरच्या भांड्यांना घातला, ती आल्यावर माझ्यावर फणकारली. तुमच्या यजमानांच्या, म्हणजे नानांच्या, दोन माकडटोप्यांत लोणच्याच्या दोन बरण्या अशा चपखल बसल्या की नाना म्हणाले, थंडी वाजत असेल त्यांना. परकराची नाडी गच्च आवळली की त्याची काय झकास पिशवी होते! सगळ्या कपबश्या त्यात, मध्ये मध्ये ब्लाउज. आणि तुमच्या चिरंजीवांच्या पँटी तर सगळ्यात कामाच्या. एका पायात लाटणं नि पळ्या, दुसऱ्यात तेलाच्या बाटल्या.

राहिलं खापर.

रेखाताईंनी फोनवर बजावलं होतं. अक्काच्या पहिल्या आखाजीला मांडे आजीच्या खापरावरच झाले पाहिजेत, ते जपून आण. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मला का माहीत नव्हतं? तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला दिलेलं मातीचं खापर. चुलीवर पालथं घालून तुम्ही त्यावर मांडे भाजायला बसलात की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. मला मात्र त्याला बोटही लावू दिलं नाहीत. वरणगावला माहेरी मी चांगले ताटाएवढे मांडे करायचे, अक्का. पण तुमच्या घरी मी पुरण वाटायचं, कणीक तिंबायची आणि चुलीपासून दोन हात लांब बसायचं.

आता भांडणाचं ऐका. मी लग्न होऊन आले तेव्हा आपण एरंडोलला राहत होतो. तीन महिन्यांत बिऱ्हाड धुळ्याला हललं. माझी माहेरची मोरपंखी साडी, एकदाच नेसलेली, तुम्ही मला न विचारता खापराला गुंडाळलीत. धुळ्याला पोचल्यावर काजळीने माखलेली साडी माझ्या हातात ठेवून म्हणालात, "जरा काळी झाली, धुऊन टाक." आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलंत. दोन दिवस आत तुम्ही आणि नाना, आणि नवी सून बाहेरच्या खोलीत. जेवणाचं ताट तेवढं बाहेर यायचं. मी काय समजायचं? ह्या बाईला मी स्वयंपाकघरात उभी राहण्याच्याही लायकीची वाटत नाही, हेच समजले. महिनाभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हीही विचारलं नाहीत, का गप्प आहेस म्हणून. साडीचा डाग कधीच गेला नाही, आणि माझ्या मनातलाही गेला नव्हता, खोटं कशाला बोलू?

तर आता ते खापर कशात बांधायचं? मी माझी एक जुनी साडी काढली. नाना खुर्चीतून उठले आणि त्यांनी तुमची पेटी उघडली. तुम्ही गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. तुमचं हिरवं नऊवारी माझ्या हातात देत म्हणाले, हे धुऊन धुऊन मऊ झालंय. मला रडू आलं. मग डोळे पुसून मी ते सगळंच्या सगळं लुगडं खापराला गुंडाळलं आणि धुळ्यापासून खापर मांडीवर घेऊन बसले. पारोळा, एरंडोल, सगळे खड्डे मांडीवर झेलले. पिंप्राळ्याला उतरले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या, पण खापर शाबूत!

दुसऱ्या दिवशी ह्यांना नव्या कार्यालयात हजर व्हायचं होतं. आंघोळ करून आले आणि म्हणाले, पँट दे. मी खोक्यांवर काच लिहिलं होतं, पितळ लिहिलं होतं, पँट कुठेच लिहिलं नव्हतं! अकरा खोकी उपसली. सापडल्या त्या पँटी तेलकट, एक बाटली गळली होती. शेवटी गृहस्थ नानांच्या पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात गेले. तिथले लोक उठून नमस्कार करायला लागले म्हणे, कुणी पुढारी आलेत असं वाटून. संध्याकाळी आल्यावर स्वतःच सांगून हसत होते.

ते गेले आणि मी खापर सोडायला घेतलं. आता कबुली. अक्का, मी ओट्यावर खापर ठेवलं आणि आनंदाच्या भरात लुगड्याचं टोक धरून सर्रकन ओढलं. नऊ वार लुगडं ते! खापर गरगरलं, ओट्यावरून सुटलं आणि फरशीवर आपटलं. तीन तुकडे.

मी तिथेच खाली बसले. पाच दिवसांवर तुमची आखाजी, आणि साठ मैलांचे खड्डे सोसलेलं खापर मी घरात आणून फोडलं. रेखाताईंना काय सांगू? तुम्हाला काय सांगू?

आवाज ऐकून नाना दारात आले. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. तुम्ही गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, मला वाटलं धक्का बसला. भिंतीला धरून खाली टेकले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "आजीनं खापर तं कव्हयच फुटी गयं व्हतं, पोरी. हाई दुसरं शे."

आजीचं खापर केव्हाच फुटलेलं! मग सगळं बाहेर आलं. एरंडोलहून धुळ्याला आल्यावर तुम्ही माझी साडी उलगडलीत आणि आत सासूबाईंच्या खापराचे दोन तुकडे निघाले. तुम्ही लहान पोरीसारख्या रडलात म्हणे. मग नानांना मागच्या दाराने बाजारात पिटाळलंत, दुसरं खापर आणवलंत, आणि ते जुनं दिसावं म्हणून दार लावून दोन दिवस दोघं ते काळं करत बसलात. नव्या सुनेला कळलं तर माझी काय किंमत राहील, असं तुम्ही नानांना म्हणालात. आणि पुन्हा कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांच्याकडून शपथ घेतलीत.

म्हणजे दार माझा राग म्हणून लावलं नव्हतं. तुम्हाला माझी भीती वाटली होती. माझी, अक्का! तीन महिन्यांच्या सुनेची, जी स्वतः तुमच्या पावलांचा आवाज आला की पदर सावरून उभी राहायची!

मी आधी पोट धरून हसले, मग फार वाईट वाटलं. का नाही सांगितलंत? तुम्ही मला आत घेतलं असतंत तर मी तुमच्या शेजारी जाळ घालायला बसले असते. बावीस वर्षं आपण दोघी एका चुलीपाशी दोन हातांचं अंतर ठेवून बसलो, आणि ते अंतर कशाचं होतं हे मला आता कळतंय. एवढं एक मी तुम्हाला माफ करायला थोडा वेळ घेणार आहे.

मग नाना आणि मी स्कूटरवरून बाजारात गेलो. आखाजीच्या घागरी मांडून बसलेल्या कुंभारणीपाशी नानांनी एकेक खापर उचलून, बोटाने वाजवून, कानाशी धरून तिला भंडावून सोडलं. शेवटी ती म्हणाली, बाबा, खापर नेता का पोरीसाठी स्थळ बघता? गच्चीवर तीन विटा मांडून दोन दिवस आम्ही ते तापवलं. आता तेलाचा बोळा फिरव, आता आच कमी कर, नानांना सगळं तोंडपाठ. मधूनच म्हणायचे, तुझी सासू असंच तापवताना डोळ्यांत धूर गेला म्हणून मला शिव्या घालत होती. त्या दोन दिवसांत त्यांनी तुमच्याबद्दल जितकं सांगितलं तितकं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

काल पितरांची घागर भरली, तुमच्या नावाने पहिल्यांदाच. वर खरबूज आणि दोन आंबे ठेवले. मग मी खापरापुढे बसले. पहिला मांडा फाटला, तो मीच गुपचूप खाल्ला. दुसरा खापरावर असा पसरला, अक्का, की नाना उठून बघायला आले. तो तुमच्या नैवेद्याला ठेवला.

रेखाताईंनी मांड्याचा घास रसात बुडवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काही म्हण वैशाली, आजीच्या खापराची चव दुसऱ्या खापराला येणारच नाही."

नानांना जो ठसका लागला! मी त्यांच्या वाटीत आणखी रस वाढला आणि खाली मान घालून कटाची रशी ढवळत राहिले.

तेव्हा वचन देते. रेखाताईंना माझ्याकडून कधीच कळणार नाही. आणि पुढच्या आखाजीला खापरापुढे सईला बसवीन. तिच्या हातून ते फुटलं तर फुटू दे. दार उघडं ठेव आणि मला हाक मार, एवढंच तिला सांगेन.

तुमची सून,
वैशाली