गंगूबाईंची शेळी

सोलापूर, १२ जून १९७३

उद्या साहेब तपासणीला येणार म्हणून झाडूवाल्या गंगूबाईंनी काल प्रयोगाची टाकी घासून लख्ख केली. सांडपाणी शुद्ध करायला मी तीन महिने वाढवलेलं शेवाळ गेलं. मी चिडलो. त्या म्हणाल्या, "सायेब येनार आन् घान तशीच ठिवायची व्हय? वाळवून शेळीपुढं टाकलं की. तोंड बी लावलं न्हाय तिनं."

चूक माझीच, त्यांना कधी सांगितलंच नाही. बाटलीत थोडं शेवाळ आहे, टाकी पुन्हा हिरवी होईल. पण ती शेळी डोक्यातून जात नाही. अहवालात मी लिहिलंय, वाळलेलं शेवाळ जनावरं आवडीनं खातात. एका तरी शेळीपुढं टाकून बघितलं होतं का?

साहेबांना दाखवायला आता तेवढं वाक्यच उरलं होतं. खोडलं.