तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

तीर्थस्वरूप आर्डिस मावशीस,
लाइलचा मनापासून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मांजरीला पिल्लं झाली, चर्चच्या तळघरातल्या जेवणात बटाट्याचं कॅसरोल कमी पडलं, आणि शेवटी ‘गोठ्याकडे जाताना हल्ली धाप लागते, फाटकापाशी जरा टेकावं लागतं, एवढंच.’ मांजरीला दीड पान आणि स्वतःच्या छातीला एक ओळ. त्या ओळीबद्दल पुढे लिहितो, आधी माझी खुशाली.

मी मजेत आहे. आम्हा विद्यार्थ्यांची खोली रुग्णालयाच्या धुलाईघराच्या डोक्यावर आहे. त्यामुळे आपल्या नॉर्थ डकोटाच्या थंडीतही ऊब असते आणि कपड्यांना (बहुधा मलाही) जंतुनाशकाचा वास येतो. तू चर्चमध्ये मला ‘अर्धा डॉक्टर’ म्हणतेस असं कानावर आलं. फिजिशियन असिस्टंट म्हणजे रोगी तपासायचा, टाके घालायचे, औषध लिहून द्यायचं आणि अडलं की डॉक्टरांना विचारायचं. इथे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात, त्यामुळे अडायचं कधी हेही बेतानंच ठरवावं लागतं. शिवाय मी अजून शिकतोय, तेव्हा तूर्त पाव डॉक्टर म्हण.

त्या पाव डॉक्टराचीही परवा शोभा झाली. ऑर्व्हिल टॉलेफसन आला (तोच, ज्याच्या बीटाच्या ट्रकवर मी दोन हंगाम काढले). बीटाची काढणी ऐन भरात, आणि हा माणूस दवाखान्यात. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. “डावा बूट जरा घट्ट होतोय,” म्हणाला. मी पुस्तकाबरहुकूम विचारलं, दहापैकी दुखणं किती? त्यानं बराच विचार केला. “दोन धर. पण दुसऱ्या कुणाला जास्त लागलं असेल तर त्यांना आधी बघ.” चाकाची खुर्ची आणू? नको. दुखण्यावर काही देऊ? नको रे, कशाला उगाच. मी दोन्ही ‘नको’ इमानदारीत लिहून घेतले आणि त्याला नाकात मणी अडकलेल्या एका पोरीच्या मागे रांगेत बसवलं.

तेवढ्यात बर्निस आली. हिच्याच हाताखाली मी शिकतो. हिला हे काम करता करता केस पिकले आणि माझ्यामुळे उरलेलेही पिकतील. तिनं ऑर्व्हिलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. “किती वेळा विचारलंस त्याला?”
“एकदा.”
“कुठल्या गावचा रे तू? तुमच्या घरी पाहुणा कॉफी कितव्यांदा विचारल्यावर घेतो?”

तिसऱ्यांदा. मावशी, हे मला बोलता येण्याआधीपासून ठाऊक आहे. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा यजमानाला त्रास नको म्हणून, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धाच कप.’ पण पांढरा कोट घातला आणि मी अक्कल खुंटीला टांगली. बर्निस त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि पुन्हा तेच विचारत गेली. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, “बरं, तुझा आग्रहच असेल तर थोडंसं दे.” बूट कापून काढावा लागला. घोटा दोन ठिकाणी मोडलेला, आणि त्याच पायानं क्लच दाबत गड्यानं सकाळपासून बीटाच्या खेपा टाकल्या होत्या. कण्हला तो एकदाच, बुटाला कात्री लागली तेव्हा. “नवा होता गं बूट,” म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो. मग जेवायला बसलो आणि तुझं ते ‘एवढंच’ आठवलं, आणि ताट तसंच सारून उठलो. त्याबद्दल लिहीन म्हणालो होतो, पण कागद संपत आला. तब्येतीला जप.

तुझा,
लाइल

ता. क. : मंगळवारी इथे ये. डॉक्टरांना तुझी छाती दाखवू. जास्त वेळ लागणार नाही.

ता. क. २ : आत्ता ‘नको रे, वासरांचं कोण बघणार’ म्हणालीस ना? शेजारचा लॉइड बघेल आणि त्याची बायको तुला गाडीनं घेऊन येईल. त्या दोघांना मी आधीच फोन केलाय. त्याआधी धाप वाढली तर मंगळवारची वाट बघू नकोस, तशीच निघ. आई गेल्यापासून मला तूच आहेस, दुसरं कुणी नाही. ये.

ता. क. ३ : मावशी, येशील ना? हे तिसऱ्यांदा विचारतोय.