लाल दोरा बांधलेली शेंग

भाऊ, लोणावळ्याच्या ज्या बंगल्यात तुम्ही माळीकाम केलंत आणि सुट्टीत मलाही, तुमच्या लेकीला, सोबत न्यायचात, तिथे मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. मी नवलाख उंबरे गावातल्या पॉलिहाऊसमध्ये फुलांच्या नव्या जाती तयार करते, हे कळल्यावर बंगल्याच्या मालकीणबाईंनी आयरिसचे कुजणारे गड्डे दाखवायला बोलावलं होतं.

भोपळ्याचं नरफूल मादीफुलावर कसं टेकवायचं, ते परसात तुम्हीच शिकवलंत. आयरिसमध्ये दोन्ही एकाच फुलात असतं, हे मी स्वतः शोधलं. ती सकाळ मला अजून दिसते. जांभळं फूल पुरतं उमललेलं नाही. मी त्याच्या बाहेरच्या तीन पाकळ्या खुडते, म्हणजे मधमाशीला बसायला जागा उरत नाही. परागकोश चिमट्याने काढते. आतल्या स्त्रीकेसराच्या तीन फांद्यांखाली पराग धरणारा एकेक बारीक ओठ असतो, त्यावर पिवळ्या फुलाचा पराग लावते आणि देठाला लाल दोरा बांधते. तुम्ही झारी खाली ठेवता. "बाईंनी इचारलं तर काय सांगू? माज्या पोरीनं फुलाचं जावळ काढलं?"

फूल सुकलं, त्याच्याखालचा हिरवा भाग फुगत गेला. शेंग पिकायच्या आत माझी शाळा सुरू झाली. नंतर विचारलं तेव्हा तुम्ही वर न बघता म्हणालात, "फोल निघाली, पोरी. बी न्हाई धरलं. त्याला हात लय हलका लागतो."

पुढे कॉलेजात, प्रयोगशाळेत, मी माझ्या हाताची चूक शोधत राहिले. पराग ओला होता का? ओठ अजून मिटलेला होता का? लोक मला काटेकोर म्हणतात. ते तिथून आलं आहे.

गेल्या आठवड्यात त्याच वाफ्यात एक फूल होतं. आतल्या पाकळ्या पिवळट, बाहेरच्या जांभळ्या, कडेला पिवळी रेघ. "हे तुझ्या वडिलांनी केलेलं," बाई म्हणाल्या. "स्वतः बी धरलं, रोपं वाढवली. येईल त्या पाहुण्याला दाखवायचे, हे माझ्या हातचं म्हणून."

माती बाईंची तर बीही बाईंचं, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. शेंग बाईंच्या धाकाने त्यांना दिली असतीत, तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही ती स्वतःसाठी ठेवलीत, आणि मला सांगितलंत की माझा हात जड आहे.

"कसं गं केलं असेल त्यांनी?" बाईंनी विचारलं. मी सगळं क्रमाने सांगितलं. शेंगेत तीन कप्पे असतात, बिया एकीवर एक रचलेल्या असतात, शेंग तपकिरी होऊन टोकाला उकलू लागली की काढायची. प्रत्येक वेळी "भाऊ असं करायचे" म्हणत गेले. बाई कौतुकाने ऐकत होत्या.

आता तुम्ही नाही, त्यामुळे हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. लाल दोऱ्याचं मात्र मी बाईंना सांगितलं नाही. तेवढा माझ्याकडे ठेवला.