पायातली तार

भवानी पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य ५, शके १८५८

चिरंजीव वेणीमाधव यास दादाचे आशीर्वाद. डॉक्टर झाल्यावरही ते लागू पडतात असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक. वहिनीने शेंगांची चटणी वेगळी पाठवली आहे.

तुझे पत्र चारदा वाचले. माझ्या पायाची रक्तवाहिनी म्हणजे विजेची तार. ती आतून अरुंद झाली, अडथळा वाढला, प्रवाह घटला आणि शेवटचा दिवा, म्हणजे माझा पंजा, मंदावला. सबब चालणे बंद, शाळा बंद, आणि पुण्यास येऊन पाय कापून घेणे. उपमा सुरेख आहे. लहानपणी तुला दिलेला मार वाया गेला नाही.

शाळेत सध्या धोंडप्पा वायरमन दिवे बसवतो आहे. त्याला पत्र वाचून दाखवले.

"तार बारीक हाय तर शेजारनं दुसरी जोडायची की."

"पायात कुठून जोडू?"

"ते भावाला इचारा. पर मास्तर, तार राबवून जाड व्हत न्हाय. माझा दंड बघा, राबवूनच झालाय."

वेणू, मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून कोणी त्याच्या अमावास्येची वाट पाहत नाही. उपमा जिथे संपते तिथे तू थांबला नाहीस. शीर जिवंत असते. मोठी वाट बुजली तर शेजारच्या बारीक वाटा वापराने रुंदावतात. हे तू माळ्यावर टाकून गेलेल्या पुस्तकात आहे. खाली पेन्सिलीची रेघ तुझीच आहे.

तेव्हा मी चालतो. पोटरीत गोळा आला की थांबतो, उतरला की निघतो. गल्लीत विणकरांचे रंगीत सूत वाळत असते, ते न्याहाळतो. नुसत्या थांबलेल्याला लोक लंगडा म्हणतात, सूत पाहणाऱ्याला रसिक. पहिल्या दिवशी तिसऱ्या घराशी थांबलो होतो, काल अकराव्या.

बिडीचे तू विचारले होतेस, मी टाळले. अठरा वर्षे ओढली, शाळेच्या मागे. सोडून एकोणीस दिवस झाले.

आणि पायाच्या करंगळीचे टोक काळवंडले आहे. वहिनीला ठाऊक नाही. घरात मोजे कशाला, विचारते, थंडी म्हणतो. सोलापुरात थंडी, आणि ती मोज्यांचा दुसरा जोड काढून देते.

मार्गशीर्ष पौर्णिमेला तू ये. स्टेशनवर घ्यायला मी येईन, पायी. दिसलो तर करवत पिशवीतच राहू दे. दिसलो नाही तर टांगा करून घरी ये. मग वाद घालणार नाही.

अद्याप दोन्ही पायांवर उभा,
तुझा दादा
यज्ञेश्वर